पांडूदादाचा शेंडा

पांडूदादाच्या गरीच्या काठीचा शेंडा मी मोडला. वनूआत्याने नाही. एवढं साधं वाक्य, पण ते मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून असायचो तेव्हा नाही, आणि जिला ते सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. आता पन्नाशी मागे पडली. बोईसरच्या कारखान्यातून पाळी संपवून घरी आलो की अंगातलं सगळं निथळून गेल्यासारखं वाटतं, आणि अशा वेळी कळतं की खोटं धरून ठेवायलासुद्धा ताकद लागते. ती आता फारशी उरलेली नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं घर दांडी गावाच्या अलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेला लागून. थोडी चिकूची झाडं, थोडं भात, आणि मागे एक विहीर, जिचं पाणी उन्हाळ्यात मचूळ व्हायचं. घरात बाबा, आई, मी आणि वनूआत्या. आत्या बाबांची धाकटी बहीण. माकुणसारला दिली होती, पण नवरा तरुणपणीच गेला आणि ती माहेरी परतली. आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती आणि बांबूच्या तुकड्यांची एक मोळी. तिचा सासरा मासे धरायच्या गरीच्या काठ्या दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखाली तीही ते शिकली होती. मोळी पाहून बाबा म्हणाले होते, "लोकांच्या बहिणी माहेरी येताना खाऊ आणतात, आमची लाकडं घेऊन आली." आत्या म्हणाली, "ठेव रे दादा. मी मेल्यावर तुलाच कामाला येतील." यावर आई सोडून सगळे हसले. आईला असली बोलणी आवडत नसत.

होड्या घेऊन समुद्रात जाणारे वेगळे. आमच्यासारखी वाडीतली माणसं शेतीचं काम हलकं असलं की खाडीच्या काठाला काठी घेऊन बसत. त्याला आम्ही गरवायला जाणं म्हणायचो. गळाला करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, लावायची आणि बोय, शिंगाळा असे मासे, नशीब असलं तर तांब मिळायची. काठी बांबूची, आणि बांबू म्हटला की तो कधीतरी मोडणार. पण मोडलेली काठी आमच्याकडे कुणी टाकत नसे. ती आत्याकडे यायची. बुडखा फुटला असेल तर कुण्या दुसऱ्याच्या काठीचा चांगला बुडखा तिला लागायचा. मधलं कांडं चिरलं असेल तर तिसऱ्याच कुणाचं. जे उरायचं ते ओटीच्या कोपऱ्यात उभं राहायचं, आपल्या पाळीची वाट बघत. अगदीच बोटभर उरलं तर त्याची खुंटी व्हायची, दोरा गुंडाळायची फिरकी व्हायची, किंवा पोकळ कांड्यात ठोकायचं बूच. त्यामुळे आमच्या टापूतल्या कुठल्याही काठीत दोन-तीन घरं असायची. पाण्यावर बसलेली माणसं एकमेकांना म्हणत, "तुझ्या काठीत माझं कांडं हाय, अर्धा शिंगाळा माझा."

आत्याची काम करायची जागा ओटीवर, उंबऱ्याच्या बाजूला. आधी वाकलेलं कांडं विस्तवावर फिरवून शेकायची आणि गुडघ्यावर दाबून सरळ करायची. मग दोन्ही टोकांना वीतभर तिरका काप घ्यायची. सुरीचा तो खर्र खर्र आवाज, राळ वितळल्याचा उग्र वास, आणि मग जुन्या जाळ्यातून सोडवलेला दोरा. एक टोक दातात धरून ती काठी फिरवत जायची आणि दोरा वेढ्याला वेढा लागून बसायचा. तोंडात दोरा असताना तिला बोलता यायचं नाही, आणि नेमकी तेव्हाच आई तिला काहीतरी विचारायची. आत्या नाकातून हुंकार द्यायची. आई म्हणायची, "हिला गप्प करायला बरा दोरा मिळालाय." काम झालं की आत्या काठी वाकवायची आणि जोड कानाला लावायची. जोड ढिला असला की आतून बारीक कुरकुर येते. अशा काठीला ती बोलकी म्हणायची. बोलकी काठी ती गिऱ्हाइकाला देत नसे. दोरा पुन्हा उलगडायची. वाकवली तरी आवाज करत नाही ती मुकी काठी, आणि मुकी काठी म्हणजे पास.

हे मी लिहितो आहे आणि इथे चौथ्या मजल्यावर शेजारच्यांच्या खिडकीतून सुके बोंबील भाजल्याचा वास येतो आहे. आमच्याकडे दुपारचं जेवण बहुतेक तेच असायचं. तांदळाची भाकरी, विस्तवावर भाजलेला बोंबील, वर कांदा. आत्या ज्या निखाऱ्यांवर बांबू शेकायची त्यांच्यावरच बोंबील टाकायची, त्यामुळे आमच्या बोंबलाला बांबूच्या धुराचा वास असे. माझी बायको सुनंदा बोंबील गॅसवर भाजते. तिला मी कधी सांगितलं नाही, की त्याला काहीतरी कमी पडतं.

आता शेंड्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर आहे. बुडखा कुणाचाही चालतो, मधलं कांडं कुणाचंही चालतं, शेंडा मात्र ज्याचा त्याचा. मासा गळाला तोंड लावतो ते शेंडा हाताला सांगतो. वापरून वापरून तो त्या माणसाच्या हाताचा होतो, असं आमच्याकडे मानत. माणूस गेला की त्याच्या काठीची बाकीची कांडी वाटली जायची, पण शेंडा मुलाला. मुलगा नसला तर भावाला. तोही नसला तर शेंडा तसाच घरात राहायचा. दुसऱ्याच्या घरचा शेंडा लावून गरवायला बसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणं. असं कुणी करत नसे.

पांडूदादा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहायचा. तापाने गेला. त्याची बायको मंजूमावशी त्याची काठी घेऊन आत्याकडे आली. मधलं कांडं उभं चिरलं होतं. मुलगा दिनू तेव्हा तिच्या कमरेएवढा. "वने, घाई नाय," मावशी म्हणाली. "हा हाताला आला की जोडून दे. घरात ठेवली तर माझ्या डोळ्यांसमोर राहते." आत्याने शेंडा सोडवला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. त्या शेंड्याच्या टोकाला, दोर अडकवायचा फास असतो तिथे, पांडूदादाने लाल दोरा बांधलेला होता.

काही वर्षांनी मी अकरावी-बारावीच्या कॉलेजला पालघरला जायचो आणि गाडीतून उतरलो की थेट खाडीवर. मी डावरा. आत्याने मला जोड शिकवला होता, पण मी दोरा गुंडाळला की वेढे तिच्या उलट्या बाजूने फिरत. "तुझं काम बघून कुणी म्हणंल आरशात बघून केलंय," ती म्हणायची. त्या पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी मोठी तांब लागत होती आणि माझा शेंडा जाड, मठ्ठ, काही न सांगणारा. मित्रांच्या चार पडल्या तर माझी एक. एका दुपारी आई आणि आत्या लग्नाच्या घरी पापड लाटायला गेल्या होत्या. मी माळ्यावर चढलो. एकदाच वापरून ठेवून देऊ, इतकाच विचार होता. खरंच इतकाच होता.

त्या शेंड्यासारखा शेंडा मी पुन्हा हातात धरला नाही. मासा नुसता करंदीजवळून गेला तरी कळायचं. दोन तांब लागल्या. तिसऱ्या वेळी गळ खडकात अडकला. आत्याने शंभरदा सांगितलेलं होतं, अडकला तर दोर हाताने धरून तोड, काठीने ओढू नको. मी काठीने ओढलं. आवाज फार झाला नाही. शेंडा मधोमध गेला आणि एका बाजूला तंतूंनी लोंबत राहिला. मी इकडेतिकडे पाहिलं. मित्र लांब होते. मी लाल दोरा सोडवून खिशात घातला आणि मोडके दोन्ही तुकडे ओहोटीच्या पाण्यात फेकून दिले. ज्या घरात बोटभर कांडंसुद्धा जपतात त्या घरचा मी मुलगा. मला फेकण्याची सवय नव्हती. फेकताना हात अवघडला होता हे आठवतं.

मग ओटीच्या कोपऱ्यातून तेवढ्याच लांबीचा, तेवढ्याच जाडीचा एक कोरा, अजून कुणाचाच न झालेला शेंडा घेतला, टोकाला तोच लाल दोरा बांधला, धूर देऊन थोडा काळपट केला आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. चोरीपेक्षा ही कारागिरी मला अधिक खुपते. चोरी घाईत झाली. हे मी सावकाश, जीव लावून केलं.

मंजूमावशी दिनूला घेऊन आली ती मी बारावी होऊन घरी बसलो होतो तेव्हा. तिचा भाऊ बोईसरला एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याच महिन्यात तो मला तिथे चिकटवणार होता. बाबा त्याच्या घरी चिकूची करंडी देऊन आले होते. सकाळची वेळ. मी ओटीवर चहात भाकरी बुडवून खात होतो.

"ये गो," आत्या म्हणाली. "दिन्या, अरे किती वाढलास. काठी राहू दे, तुलाच टाकू पाण्यात."

"वाढलाय नुसता," मावशी म्हणाली. "अक्कल बापाची उचललीय. काल गळ पायात मारून घेतला."

"मग हा पक्का गरवणार. तुझ्या नवऱ्यानं नाय का लग्नात अंगठ्याला चिंधी बांधलेली?"

मधलं कांडं आत्याने कधीच बदलून ठेवलं होतं. तिने माळ्यावरून फडकं काढलं आणि शेंडा मावशीच्या हातात दिला. मावशीने तो दिनूला दिला नाही. भिंतीला टेकवून उभा केला आणि मागे सरून बघत राहिली. 

"वने, हा आमचा नाय."

"नाय कसा? तूच आणलेलास."

"मी आणला तो वाकडा होता. भिंतीला लावला की उजव्या अंगाला कलायचा. संसारभर बघितलाय मी तो. हा बघ कसा सरळ उभा हाय."

आत्या हसली. "ठेवून ठेवून सुधारला असंल."

"माणूस मरेस्तोवर सुधारला नाय, त्याचा शेंडा काय सुधारतो!" आणि दोघीही हसल्या. मावशी आमच्या ओटीवर हसली ती शेवटचीच.

आत्याने शेंडा उचलला. टोकाच्या लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. परत फिरवला. वेढे उलटे होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्या न पाहण्यानेच मला कळलं की तिला कळलं आहे. आतून बाबा विचारत होते, "कोण आलंय? मंजू हाय काय? तिला चहा द्या."

"माझ्या हातनं मोडला गो," आत्या म्हणाली. "शेकताना. भ्याले, नि दुसरा ठेवला."

मावशीने दिनूला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मोडला तर मोडला. कांडंच ते, मोडणारच. तुकडा दे. तेवढाच जोडून दे याला."

आत्याकडे तुकडा नव्हता. कुठून असणार? ती कोपऱ्यातल्या मोळीकडे गेली, वाकून कांडी खालीवर करू लागली. शोधायचं सोंग. मला तिची पाठ दिसत होती. मी उठून "मावशी, मी" एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी भाकरी चावत राहिलो.

"मिळत नाय," आत्या म्हणाली. "टाकला वाटतं."

"टाकलास?" मावशीचा आवाज चढला. "तुझ्या ओटीवर गळ्यातल्या मण्याएवढं कांडं कुणी टाकत नाय. नि माझ्या माणसाचा शेंडा तेवढा टाकलास? वने, विकलास म्हण ना. कुणाला विकलास तेवढं सांग, मी पाया पडून परत मागते."

आत्या म्हणाली, "टाकला गो."  मावशीने काठी तशीच बिनशेंड्याची उचलली आणि दिनूच्या दंडाला धरून निघून गेली. बाबा बाहेर आले तेव्हा चहा निवला होता.

पुढचं फार सावकाश झालं. भांडण नाही, तंटा नाही. लोक येत आणि म्हणत, "वने, माझी ती कांडी दे जरा, घरीच लागतात." कोपरा रिकामा होत गेला. बायकांमध्ये बोलणं पसरलं होतं की वनू मेलेल्यांचे शेंडे विकते. बाबांनी तिला एकदाच विचारलं, "खरं काय?" ती म्हणाली, "सांगितलं ना." ओटीवरचा सुरीचा आवाज थांबला. आत्या दुसऱ्यांच्या अंगणात बोंबील वाळत घालायला जाऊ लागली. मी कामावर लागलो. मंजूमावशीच्या भावाने शब्द पाळला, कारण त्याचा राग आत्यावर होता, माझ्यावर नव्हता. तोच कारखाना, आजपर्यंत. आत्याने तेव्हा काय मोजून मापून केलं आणि काय नुसतं तोंडातून गेलं, मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बोलावं लागलं असतं.

इथपर्यंत मी वयाला दोष देऊ शकतो. पुढचं मात्र मी बाप झाल्यावरचं आहे.

आमच्या मुलाच्या जन्मानंतर सुनंदाला मदत म्हणून आत्या बोईसरला आमच्या खोलीत येऊन राहिली. बाळाला न्हाऊ घालायची, शेक द्यायची, त्याला मांडीवर घेऊन, दातात दोरा नसतानाही तो असल्यासारखी गप्प बसायची. ती समोर असली की मला घर लहान वाटे. एक दिवस सुनंदाने विचारलं, "मी दवाखान्यात जाते, कपाटाची किल्ली आत्यांकडे देऊ?" मी बूट घालत होतो. मी म्हणालो, "नको. गावात तिच्यावर एकदा आळ आलेला."

वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. आळ आलेला. कुणामुळे, ते मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून सुनंदा किल्ली कमरेला खोचून ठेवू लागली. आत्या चार दिवस ती किल्ली बघत होती. मग म्हणाली, माकुणसारला पुतण्याची बायको अवघडलेली आहे, जायला पाहिजे. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. ती म्हणाली, "पोराला सुंठ जास्त देऊ नका, उष्ण पडते." गाडी आली, ती चढली. त्यानंतर ती माकुणसारलाच राहिली. सुनंदा आजही एखाद्या वेळी म्हणते, "बाई कामाची होती, पण बरं झालं तुम्ही वेळेवर सांगितलंत."

हल्ली रविवारी मी काठ्या जोडतो. भंगारवाल्याकडे मोडके बांबू येतात, चांगली कांडी निवडून आणतो. फायबरच्या काठ्या आल्यात, पण आमच्या पाळीतली उत्तरेकडची पोरं बेटेगावच्या बाजूला तळ्यावर जातात, त्यांना बांबूच परवडतो. "चाचा, ये जोड बोल रहा है," असं एकजण परवा म्हणाला. त्याला तो शब्द मीच शिकवला. मी दोरा उलगडतो आणि परत गुंडाळतो. वेढे अजून उलटेच फिरतात.

परवा गेटवर दिनू भेटला. तोही आता आमच्याच कारखान्यात आहे, दुसऱ्या प्लँटला. केस पिकलेत. माझ्या हातातली काठी त्याने घेतली, वाकवली, कानाला लावली आणि हसला. "वनूआत्याचाच हात. चोर होती म्हातारी, पण जोड मारावा तर तिनंच. हाय काय अजून?"

"आहे," मी म्हणालो.

"आई अजून विचारते. सांगते, त्या बाईनं कुणाला विकला तेवढं मरायच्या आधी सांगायला हवं." तो पुन्हा हसला. त्याच्या मनात राग नव्हता, जुनी गोष्ट झाली होती. आणि मीही हसलो. त्याच्याबरोबर हसलो, खांद्यावर हात ठेवला, आणि पाळीला गेलो. त्या दिवशी मशीनसमोर उभं राहवेना, म्हणून मुकादमाला सांगून थोडा वेळ बाहेर बसलो. पाय दुखतात म्हणालो.

वनूआत्या माकुणसारला आहे. तिला ऐकू कमी येतं, बाकी ती खुटखुटीत आहे. तिला काही सांगायचं बाकी नाही, तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मंजूमावशी दांडीला आहे, तिला माहीत नाही. दिनूला माहीत नाही. सुनंदा आत स्वयंपाकघरात आहे, तिलाही माहीत नाही. या तिघांसमोर, आत्याच्या हयातीत, तिला बाजूला बसवून, मला एवढंच म्हणायचं आहे की शेंडा मी मोडला, मी फेकला, आणि ही चोर नव्हती. ते मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.